बिनतारीचें गणगोत

मागच्या महिन्यांत आमच्या गिरगांवांतल्या इमारतीच्या रहिवाशांची सभा भरली होती. पाण्याची टाकी, जिन्यांतले दिवे, वर्गणीची थकबाकी हे नेहमींचे विषय आटोपले आणि शेवटीं एक नवीनच अर्ज पुढें आला. तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या, कॉलेजांत जाणाऱ्या एका मुलाचा तो अर्ज होता. गच्चीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वीस मीटर लांबीची तांब्याची तार बांधण्याची त्याला परवानगी हवी होती. आपला सरकारी परवाना त्यानें अर्जाला जोडला होता.

अर्ज वाचून होतांच प्रश्नांचा भडिमार सुरू झाला. एकानें विचारलें, "या तारेवर वीज पडेल काय?" दुसऱ्यानें विचारलें, "आमच्या टेलिव्हिजनमध्यें खरखर होईल काय?" तिसऱ्या वृद्ध गृहस्थांनीं मूळ मुद्द्यालाच हात घातला. ते म्हणाले, "अरे बाळ, तुझ्या खिशांत फोन आहे. त्यावरून तूं अमेरिकेंतल्या मावशीशीं तिचें तोंड पाहून बोलतोस. मग ही तार कशाला?" मुलगा म्हणाला, "काका, मावशीचा नंबर मला ठाऊक आहे. ज्याचा नंबर ठाऊक नाहीं त्याच्याशीं मला बोलायचें आहे." सभा हसली आणि अर्ज पुढील सभेवर टाकण्यांत आला.

मी त्या सभेंत गप्प बसलों होतों. त्या गप्प बसण्याची मला अजून चुटपुट लागून राहिली आहे. वृद्ध गृहस्थांचा प्रश्न कांहीं गैर नव्हता. कोणाहि समंजस माणसाला तो सुचेल. परंतु त्याचें उत्तर दोन वाक्यांत देण्यासारखें नाहीं. तें आज जरा सावकाश द्यावें असें मीं योजिलें आहे.

प्रथम हा छंद कोणता तें सांगितलें पाहिजे. आपण रेडिओ ऐकतों, पण त्यावरून उलट बोलूं शकत नाहीं. हौशी बिनतारीवाला ऐकतोहि आणि बोलतोहि. त्याच्याजवळ ग्राहकयंत्राबरोबर एक लहानसें प्रक्षेपकयंत्र असतें. त्याची शक्ति पुष्कळदां पन्नास-शंभर वॉट, म्हणजे जुन्या तऱ्हेच्या एका विजेच्या दिव्याइतकीच असते. तेवढ्या शक्तीवर तो मद्रासशीं बोलतो, मास्कोशीं बोलतो आणि दैव अनुकूल असेल तर ब्राझिलशींहि बोलतो. मध्यें खांब नाहींत, तारा नाहींत, कोणा कंपनीचें केंद्र नाहीं. एका गच्चीवरून निघालेली लहर थेट दुसऱ्या गच्चीवर उतरते. या उद्योगांत पैसा मिळवावयाचा नाहीं अशी कायद्याचीच अट आहे. म्हणून तो हौशी. इंग्रजी बोलणाऱ्या जगांत या मंडळींना 'हॅम' असें आटोपशीर नांव पडलें आहे.

परवाना मागितला कीं मिळाला, असा प्रकार मात्र नाहीं. वयाचीं बारा वर्षें पूर्ण झालेल्या कोणालाहि परीक्षेला बसतां येतें. पण विजेचें व बिनतारीचें शास्त्र आणि आंतरराष्ट्रीय नियम हे त्याला आले पाहिजेत. वरच्या प्रतीचा परवाना हवा असेल, तर मोर्सची कडकट्ट लिपिहि आली पाहिजे. एवढें झालें म्हणजे सरकार त्याला एक नांव देतें. हें नांव अक्षरांचें आणि आंकड्यांचें असतें, आणि आपल्या देशांत तें बहुधा 'व्ही यू' या अक्षरांनीं सुरू होतें. साऱ्या जगांत तेंच नांव दुसऱ्या कोणाचेंहि नसतें. आईबापांनीं ठेवलेलें नांव हजारोंना असूं शकतें. हें नांव एकाचेंच.

आतां हा छंद म्हणजे निव्वळ पोरखेळ आहे अशी समजूत पूर्वीं मोठमोठ्या शास्त्रज्ञांचीहि होती. विसाव्या शतकाच्या आरंभीं असें मानलें जाई कीं, लहर जितकी लांब तितकी ती दूर जाते. म्हणून सरकारें, नौदळें आणि मोठ्या कंपन्या यांनीं लांब लहरी आपल्याकडे ठेवल्या. १९१२ सालीं अमेरिकेंत कायदा झाला आणि हौशी लोकांना दोनशें मीटर व त्याखालच्या लघुलहरी देण्यांत आल्या. वाटणीच्या वेळीं धाकट्या भावाच्या पदरांत पडीक जमीन घालावी, तसाच तो प्रकार होता. पण हौशी माणसाला पडीक जमिनीचा कंटाळा नसतो. त्यानें ती नांगरून पाहिली. १९२३ च्या नोव्हेंबरांत फ्रान्समधील नीस येथून लेऑं देलॉय या गृहस्थानें सुमारें शंभर मीटरच्या लहरीवर अटलांटिक ओलांडून अमेरिकेंतील फ्रेड श्नेल याच्याशीं संभाषण केलें. जी जमीन खडकाळ म्हणून टाकून दिली होती, तिच्यांतच खरें पीक होतें.

याचें कारण आकाशांत आहे. पृथ्वीपासून सुमारें शंभर ते चारशें किलोमीटर उंचीवर सूर्यकिरणांच्या योगानें विद्युद्भारित झालेले हवेचे विरळ थर आहेत. लघुलहर वर गेली कीं हे थर तिला वांकवून पुन्हां जमिनीकडे पाठवितात. कॅरमची सोंगटी कडेवर आपटून परत यावी, तशी ती आकाश आणि पृथ्वी यांच्यामध्यें उड्या घेत जगाच्या पलीकडे जाते. दिवस, रात्र, ऋतु आणि सूर्यावरील डाग यांप्रमाणें हे थर बदलतात. म्हणून जो पट्टा दुपारीं पुण्या-नागपुरापर्यंत पोंचवितो, तोच मध्यरात्रीं युरोपाचें दार उघडतो. बिनतारीवाल्याला पंचांग पाहावें लागतें तें असें!

पुढच्याच वर्षीं, १८ ऑक्टोबर १९२४ रोजीं, लंडनमधील मिल हिल शाळेंतला सेसिल गॉयडर नांवाचा अठरा वर्षांचा विद्यार्थी न्यूझीलंडमधील फ्रँक बेल या मेंढपाळी करणाऱ्या कुटुंबांतील तरुणाशीं बिनतारीवर बोलला. दोघांमध्यें जवळ जवळ अर्धी पृथ्वी होती. हें शाळकरी पोर पुढें कोठें गेलें असेल, असें आपणांस वाटतें? १९३६ सालीं तें आपल्या देशांत आलें. ऑल इंडिया रेडिओचा मुख्य अभियंता म्हणून गॉयडर यानें येथें काम केलें, आणि १९३७-३८ सालीं दिल्ली, मुंबई, कलकत्ता व मद्रास येथें लघुलहरींचीं केंद्रें उभीं राहिलीं तीं त्याच्याच देखरेखीखालीं. पुढें वर्षानुवर्षें आपल्या वाडवडिलांनीं लघुलहरींवर जीं गाणीं आणि ज्या बातम्या ऐकल्या, त्यांच्या मुळाशीं एका विद्यार्थ्याचा छंद होता.

आपल्या मुंबईनेंहि या विद्येचें बोट फार लवकर धरलें. १९२१ च्या ऑगस्टांत 'टाइम्स ऑफ इंडिया' पत्रानें तारखात्याच्या मदतीनें मुंबईहून संगीताचा एक कार्यक्रम बिनतारीनें पाठविला आणि गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांनीं तो पुण्यास ऐकला. १९२३ च्या जूनमध्यें येथील रेडिओ क्लबनें कार्यक्रम प्रक्षेपित करण्यास आरंभ केला. रीतसर नभोवाणी केंद्र मुंबईस निघालें तें त्यानंतर चार वर्षांनीं, २३ जुलै १९२७ रोजीं. म्हणजे हौस आधीं आणि संस्था मागाहून, हा क्रम येथेंहि चुकला नाहीं.

यानंतर मला ज्या गोष्टीकडे यावयाचें आहे, ती आमच्या गिरगांवांतली आहे. त्या सभेंत ती सांगावयास मी उठलों नाहीं, हीच माझी खरी चुटपुट.

१९३९ सालीं दुसरें महायुद्ध सुरू झालें आणि सरकारनें हौशी बिनतारीवाल्यांचे परवाने बंद केले. प्रक्षेपकयंत्रें पोलिसांच्या स्वाधीन करण्याचे हुकूम निघाले. यंत्रें गेलीं, पण हातांतली विद्या कोणाला जमा करून घेतां येत नाहीं. १९४२ च्या ८ ऑगस्टला गवालिया टँकच्या मैदानावर 'छोडो भारत'चा ठराव झाला आणि दुसऱ्या दिवशीं पहांटे पुढाऱ्यांची धरपकड झाली. वृत्तपत्रांच्या तोंडाला कुलूप पडलें. अशा वेळीं विल्सन कॉलेजांतून पदवी घेतलेली बावीस वर्षांची एक मुलगी, उषा मेहता, आणि तिचे कांहीं सहकारी यांनीं आपलें स्वतःचें नभोवाणी केंद्र काढावयाचें ठरविलें. तिच्या सोबत बाबूभाई खाखर, विठ्ठलदास झवेरी, चंद्रकांत झवेरी हे तरुण होते. 'शिकागो रेडिओ'चे नानक मोटवाने यांचें साह्य होतें. आणि राममनोहर लोहिया यांचें मार्गदर्शन होतें. पैसा उभा राहिला, मजकूर लिहिणारे मिळाले. पण यंत्र कोण बांधणार? तें बांधलें नरिमन प्रिंटर यांनीं. युद्धापूर्वीं ते परवानाधारक हौशी बिनतारीवाले होते.

ऑगस्टच्या अखेरीच्या सुमारास ४२.३४ मीटरवर काँग्रेस रेडिओचा आवाज उमटूं लागला. 'भारतांतील कोठल्या तरी ठिकाणाहून' एवढाच पत्ता तो सांगे. चितगांववरील बाँबहल्ला, जमशेदपूरचा संप, आपल्या विदर्भांतील आष्टी-चिमूरचे अत्याचार या बातम्या वर्तमानपत्रांत येऊं शकत नव्हत्या; त्या या केंद्रानें दिल्या. हें 'कोठलें तरी ठिकाण' आमच्याच वस्तींत फिरत होतें. चौपाटीवरील एक इमारत, लॅबर्नम रोड, सँडहर्स्ट रोड, वाळकेश्वर, महालक्ष्मी असा त्याचा संसार पाठीवर होता. कारण लहर जेथून निघते ती दिशा यंत्रानें ओळखतां येते. दोन निरनिराळ्या जागांहून अशी दिशा काढली आणि नकाशावर दोन रेघा मारल्या, कीं जेथें त्या एकमेकींना छेदतात तेथें प्रक्षेपक सांपडतो. पोलिसांच्या गाड्या अशा रेघा मारीत फिरत होत्या, आणि बिऱ्हाड हालविल्याशिवाय गत्यंतर नव्हतें.

शेवटीं तो सांपडला तो मात्र रेघांमुळें नव्हे. यंत्र बांधणारे प्रिंटर पोलिसांच्या हातीं लागले आणि जागेचा पत्ता त्यांच्याकडून फुटला. १२ नोव्हेंबर १९४२ च्या रात्रीं गिरगांवांतील पारेखवाडीच्या इमारतींत उषा मेहता आणि चंद्रकांत झवेरी यांना, कार्यक्रम चालू असतांनाच, पकडण्यांत आलें. पुढें खास न्यायालयांत खटला चालला. बाबूभाई खाखर यांना पांच वर्षें, उषा मेहता यांना चार वर्षें आणि चंद्रकांत झवेरी यांना एक वर्ष अशी शिक्षा झाली. उषाबाई १९४६ सालीं येरवड्याहून सुटल्या. त्यांनीं पुढें अध्यापन केलें, गांधीविचाराच्या कार्यास वाहून घेतलें, आणि २००० सालीं मुंबईंतच त्या निवर्तल्या.

श्रोतेहो, या गोष्टींतला एक कोपरा माझ्या मनाला नेहमीं टोंचतो. ज्या हातांनीं तें केंद्र बोलतें केलें, त्याच माणसाच्या तोंडून तें मुकें झालें. कोठडींत त्याच्यावर काय बेतलें होतें, हें घरीं पंख्याखालीं बसून ठरविण्याचा अधिकार मला नाहीं. पण एवढें मात्र दिसतें कीं, बिनतारीची विद्या आणि तिला धरून ठेवणारें मनाचें बळ या दोन निराळ्या वस्तु आहेत. पहिलीची परीक्षा सरकार घेतें. दुसरीची परीक्षा केव्हां होईल हें कोणालाच ठाऊक नसतें. त्या बावीस वर्षांच्या मुलीला प्रक्षेपक बांधतां येत नव्हता. तरी ती परीक्षा ती उत्तीर्ण झाली.

काटेकोर व्याख्येनें पाहतां काँग्रेस रेडिओ हें हौशी केंद्र नव्हे. कारण हौशी माणसाला जनतेसाठीं कार्यक्रम प्रक्षेपित करण्याचा अधिकारच नसतो. परंतु एक योगायोग पाहा. ४२.३४ मीटर ही लहर, आजच्या भाषेंत सांगावयाचें तर, सुमारें ७.०८ मेगाहर्ट्झ होते. हौशी मंडळी ज्याला 'चाळीस मीटरचा पट्टा' म्हणतात आणि ज्यावर भारतांतील बिनतारीवाले आजहि सकाळीं एकमेकांची विचारपूस करतात, त्याच पट्ट्यांत ती पडते. त्या पट्ट्यासाठीं जी सर्वांत साधी तार लागते, तिची लांबी लहरीच्या निम्मी, म्हणजे वीस मीटर. आमच्या तिसऱ्या मजल्यावरील मुलानें मागितली ती हीच तार. आणि पारेखवाडी आमच्या गच्चीपासून फार दूर नाहीं.

स्वातंत्र्यानंतर, १९४८ च्या मे महिन्यांत, महू येथें हौशी बिनतारीवाल्यांच्या अखिल भारतीय संस्थेची स्थापना झाली. जगांतील अशा सर्व संस्थांचा संघ त्यापूर्वींच, १९२५ च्या एप्रिलांत, पॅरिस येथें स्थापन झाला होता. पण या मंडळींचें खरें गणगोत संस्थांच्या दप्तरांत सांपडावयाचें नाहीं. तें रात्रीच्या वेळीं ऐकावें. कोणी तरी 'सी क्यू, सी क्यू' अशी हांक देतो. तिचा अर्थ एवढाच: "कोणीहि असा, मी ऐकतों आहें." दारावरून जाणाऱ्या वाटसरूला ओसरीवर बोलवावें, तशी ही हांक. मग कोठून तरी उत्तर येतें. नांवांची देवघेव होते. आवाज किती स्पष्ट येतो तें सांगितलें जातें. कोणती तार, कोणतें यंत्र, हवा कशी आहे, याची चौकशी होते. राजकारण आणि व्यापार यांना येथें मज्जाव आहे. त्यामुळें भांडणाचीं पुष्कळशीं कारणें उंबऱ्याबाहेरच राहतात. निरोप घेतांना तारखात्याच्या जुन्या संकेताप्रमाणें 'त्र्याहत्तर' म्हणावयाचें, म्हणजे 'शुभेच्छा'. आणि पुढें कधीं तरी टपालानें एक कार्ड येतें. त्यावर तारीख, वेळ आणि लहर लिहिलेली असते. असें कार्ड म्हणजे भेटीची पोंच. ज्याचें तोंड कधीं पाहिलें नाहीं अशा माणसाच्या हातचीं कार्डें जन्मभर जपून ठेवणारे लोक मला माहीत आहेत.

एरवीं ही नुसती करमणूक वाटते. पण अडचणीच्या दिवशीं तिचा अर्थ बदलतो. १९२८ सालीं नोबिले या इटालियन सेनापतीचें 'इटालिया' विमान-जहाज उत्तर ध्रुवाजवळच्या बर्फावर कोसळलें. वांचलेले लोक लहानशा यंत्रावरून मदतीची हांक मारीत होते, पण मदतीसाठीं ठेवलेल्या त्यांच्याच जहाजाला ती ऐकूं येत नव्हती. ३ जून रोजीं ती ऐकली रशियांतील एका आडगांवच्या निकोलाय श्मिट नांवाच्या तरुण हौशी बिनतारीवाल्यानें. त्यानंतर शोधाची चक्रें फिरलीं. आपल्याकडे १९९३ च्या सप्टेंबरांत किल्लारीचा भूकंप झाला आणि २००१ च्या जानेवारींत भूजचा. दोन्ही वेळां हौशी मंडळी आपापलीं यंत्रें घेऊन गेलीं आणि निरोप पोंचविण्याच्या कामीं लागलीं. २००४ च्या डिसेंबरांत तर विलक्षणच योग आला. भारती प्रसाद या बाई आपल्या सहकाऱ्यांसह अंदमानांत गेल्या होत्या, त्या केवळ छंदापायीं. त्या बेटांवरून कित्येक वर्षांत हौशी बिनतारीचा आवाज उठला नव्हता आणि जगभरचे लोक तो ऐकण्यास आतुर झाले होते. २६ तारखेला पहांटे धरणी हादरली, समुद्र चढला, टेलिफोन बंद पडले. आणि जें यंत्र आदल्या दिवसापर्यंत दूरदूरच्या मित्रांना पोर्ट ब्लेअरहून हांका देत होतें, तेंच हरवलेल्या माणसांची खबर त्यांच्या घरीं पोंचवूं लागलें.

'खिशांत फोन आहे, मग ही तार कशाला?' या प्रश्नाचें उत्तर मला येथें मिळतें. फोन उत्तम आहे, आणि तोहि बिनतारीच आहे. पण तो मनोऱ्यावर अवलंबून, मनोरा विजेवर अवलंबून, आणि वीज आणखी कशावर तरी. ही सांखळी एका जागीं तुटली कीं सारें थांबतें. गच्चीवरची तार आणि मोटारीची एक बॅटरी यांना सांखळीची गरज नाहीं. मात्र त्या तारेपाशीं बसणारा माणूस संकटाच्या दिवशीं तयार करतां येत नाहीं. ऐकण्याचा कान, संथ आणि मोजकें बोलण्याची संवय, ठरलेल्या वेळीं हजर राहण्याची शिस्त, हें सर्व वर्षानुवर्षें हवापाण्याच्या गप्पा मारूनच अंगीं येतें. पगार देऊन अशीं माणसें गल्लोगल्लीं ठेवणें कोणत्याहि सरकारला परवडणार नाहीं. छंद तें काम फुकट करतो.

राहतां राहिले सभेंतले दुसरे दोन प्रश्न. वीज पडण्याची भीति कोणत्याहि उंच वस्तूला असतेच. म्हणून तार नीट बांधावी, तिला जमिनीशीं जोडण्याची व्यवस्था असावी, आणि पावसाळ्यांत मेघ गर्जूं लागले कीं यंत्र सोडवून ठेवावें. हें त्या मुलाला परीक्षेसाठीं शिकावेंच लागलें आहे. खरखरीचें म्हणाल, तर यंत्र वाईट बांधलें असल्यास ती होऊं शकते, हें मी लपवीत नाहीं. पण ती दूर करण्याची जबाबदारी परवान्यानें त्याच्यावरच टाकली आहे. तो लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून रात्रीं जागून यंत्र जुळवितो, हें मी त्याच्या खिडकींतल्या दिव्यावरून जाणतों. शेजाऱ्याच्या दारांत जाऊन "काका, आतां खरखर थांबली काय?" असें विचारण्याइतका विनय त्याच्याजवळ आहे.

मुंबईंतील जुन्या चाळी झपाट्यानें पडत आहेत आणि त्यांच्या जागीं उंच इमारती येत आहेत. त्यांच्या गच्च्यांवर टेलिफोन कंपन्यांच्या मनोऱ्यांना भाडें घेऊन जागा मिळते. एका मुलाच्या तारेला, ती भाडें देत नाहीं म्हणून, जागा नाकारली जाते. हा व्यवहार हिशेबाच्या वहींत बरोबर दिसेल. पण १९४२ सालीं ज्यांनीं आपल्या खोल्या त्या फिरत्या यंत्राला मिळूं दिल्या, त्यांनीं असा हिशेब मांडला असता, तर गिरगांवाच्या इतिहासांतलें एक पान कोरें राहिलें असतें.

पुढील सभा येत्या रविवारीं सकाळीं आहे. या खेपेस मी गप्प बसणार नाहीं. आणि आपल्यापैकीं कोणाच्या इमारतींत असाच एखादा अर्ज आला, तर तो पुढील सभेवर टाकण्यापूर्वीं त्या मुलाला एवढेंच विचारा: "बाळ, तार कोणत्या बाजूला बांधावयाची? चल, गच्चीवर जाऊन पाहूं."